घरातल्या जुन्या वस्तूंची नोंद: दिसतं ते एका रकान्यात, सांगतात ते दुसऱ्या

साताऱ्याच्या पेठांमधले वाडे, वाई-कऱ्हाडची जुनी घरं, सांगलीच्या गावभागातले दिवाणखाने, मिरजेतल्या गवयांची आणि तंतुवाद्य करणाऱ्यांची घरं. या सगळ्या पट्ट्यात शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू घरोघर आहेत, आणि बहुतेक घरांत त्यांची नोंद एकाच ठिकाणी असते: सर्वांत वयस्कर माणसाच्या डोक्यात. गरज पडते तेव्हा नेमकं ते माणूस हयात नसतं. वाटणीच्या वेळी समई कोणत्या घरची, यावरून भाऊ भांडतात. चोरी झाली की फिर्यादीत 'पितळी मूर्ती, जुनी, एक नग' एवढंच लिहिलं जातं, आणि मूर्ती उद्या दुसऱ्या जिल्ह्यात सापडली तरी ती याच घरची, हे कशाच्या जोरावर सांगणार?

म्हणून नोंदीची कसोटी साधी आहे. ती वस्तू कधीही न पाहिलेल्या माणसानं फक्त कागद वाचून आणि फोटो पाहून दहा समया समोर ठेवल्यावर नेमकी आपली उचलली पाहिजे. 'ऑब्जेक्ट आयडी' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक १९९७ मध्ये आलं ते याचसाठी. वस्तूचा प्रकार, साहित्य आणि घडण, मापं, त्यावरचा मजकूर वा ठसे, ओळखीच्या खुणा, नाव, विषय, काळ, कारागीर, आणि या सगळ्यासोबत फोटो नि थोडक्यात वर्णन. पोलिस असोत, विमा कंपनी असो की संग्रहालय, हा साचा सगळीकडे चालतो. मी त्यात मालकांसाठी एक भर आग्रहानं घालतो: प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे 'दिसतं', उजवीकडे 'सांगतात'.

हा आग्रह कशासाठी, ते साताऱ्याकरांना वेगळं सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. त्यांच्या पेटीवर मजकूर आहे की ही शिवाजी महाराजांची वाघनखं असून जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे प्रतिनिधी, असताना त्यांना मिळाली. लंडनच्या संग्रहालयानं आपल्या नोंदीत हा मजकूर जसाच्या तसा दिला आहे आणि तो पडताळता आलेला नाही, हेही लिहिलं आहे. वस्तू, तिच्यासोबत आलेला मजकूर आणि त्या मजकुराची शहानिशा या तीन नोंदी आहेत. घरातल्या तलवारीलाही हाच नियम. 'थोरल्या शाहू महाराजांनी आमच्या मूळपुरुषाला दिली' हे वाक्य पुसायचं नाही आणि 'दिसतं'मध्येही घालायचं नाही. उजव्या रकान्यात लिहायचं, आणि त्याखाली कोणी सांगितलं, नातं काय, त्यांना कोणाकडून कळलं, सांगितल्याची तारीख. पुढे एखादं मोडी पत्र सापडलं तर तोच रकाना पुराव्यानिशी भरता येतो.

तारखांच्या बाबतीतही हेच. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या पोर्तुगीज घंटेवर १७०७ साल ओतलेलं आहे. ती आली वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर. वस्तूवरचं साल घडणीचं, मालकीचं की देणगीचं, हे ठरवल्याशिवाय 'काळ' या ओळीत ते लिहू नये.

काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत उरकलेलं बरं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मापात फरक पडतो, पोथ्या दमट असतात आणि ओसरीवरचा उजेड दर दहा मिनिटांनी बदलतो. देवघरातल्या तीसेक वस्तूंना दोन माणसांचे दोन दिवस धरावेत. एकानं वस्तू हाताळायची, दुसऱ्यानं लिहायचं. एकच माणूस दोन्ही करायला गेला की माप चुकतं किंवा वस्तू पडते.

देवघराची पद्धत आधी घरच्यांना विचारावी. सोवळं असेल तर पूजा झाल्यावर घरातल्याच व्यक्तीनं देव उचलून मांडायचे, नोंद करणाऱ्यानं हात लावायचा नाही. फोटो तसाही काढता येतो. पहिला फोटो देव्हाऱ्याच्या मांडणीचा, एकही देव न हलवता, म्हणजे नंतर सगळं जागच्या जागी जातं. आणि आदल्या दिवशी घरी निरोप द्यावा की पितांबरी, चिंच, राख काही लावू नका. पाहुणे यायचे म्हणून भांडी लख्ख घासली जातात आणि टाकावरची आधीच पुसट झालेली खंडोबाच्या घोड्याची रेघ आणखी झिजते. चांदीचे टाक मुळात पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले असतात, रोजच्या अभिषेकानं त्यांचे चेहरे सपाट होत जातात. खाचेत बसलेलं हळदकुंकू हीदेखील नोंदीतली गोष्ट आहे, ते काडीनं कोरून काढायचं नाही.

डावं-उजवं यात सर्वांत जास्त घोटाळे होतात. आपण उजव्या सोंडेचा गणपती म्हणतो तेव्हा ती देवाची उजवी बाजू असते, बघणाऱ्याची नव्हे. मूर्तीच्या नोंदीत सरसकट 'देवाचा उजवा हात' असंच लिहावं, आणि चित्राच्या नोंदीत 'बघणाऱ्याच्या डावीकडे'. पहिल्या पानावर हा नियम लिहून ठेवावा. विष्णूच्या चोवीस रूपांचं नाव तर निव्वळ आयुधांच्या क्रमावर ठरतं. खालच्या उजव्या हातापासून वर, मग वरचा डावा, मग खालचा डावा: पद्म, शंख, चक्र, गदा असेल तर तो केशव. बाजू उलटी लिहिली, किंवा मोबाइलनं फोटो आरशासारखा उलटा जतन केला, की रूपच बदलतं.

आता भांडी आणि त्यांवरची नावं. पातेली, घंगाळ, तामण, परात, सगळ्यांच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव असतं, कधी मोडीत, कधी बाळबोध, पुष्कळदा शकासह. हा घरातला सगळ्यात दुर्लक्षित पुरावा. तो वाचायला पीठ, खडू, रांगोळी भरायची नाही. कण खाचेत अडकतात आणि ओल धरतात. खोली अंधारी करावी, भांडं स्थिर ठेवावं, बॅटरी काठाशी जवळजवळ आडवी धरून चारी बाजूंनी एकेक फोटो घ्यावा. एका बाजूनं न दिसणारा ठिपका दुसऱ्या बाजूच्या सावलीत उठतो. मजकूर जसा आहे तसाच उतरवायचा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं नाही, वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवायचं.

शक इसवी सनात नेताना ७८ मिळवतात, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९. महिना नसेल तर दोन्ही सालं लिहा: शके १७९८ म्हणजे १८७६–७७. सोबत संवत्सराचं नाव असेल तर ते सोन्याहून मोलाचं, कारण एक नाव साठ वर्षांनीच परत येतं. शके १७९८ चा संवत्सर धाता. शेवटचा आकडा झिजून '१७९' एवढंच उरलं असेल आणि पुढे 'धाता' वाचता येत असेल तर तिथे आठच असणार. दशकाचा आकडा गेला असेल तर मात्र १७३८ आणि १७९८ दोन्ही शक्य राहतात. मग भांड्याच्या घडणीकडे आणि नावातल्या माणसाकडे वळावं लागतं.

सनदा, पत्रं आणि काही जुन्या वस्तूंवर सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरातली जुनी कालगणना, येते, तीही अरबी अंकशब्दांत. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार: ११७३. यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, म्हणजे १७७२–७३. हाच आकडा फसली, म्हणजे महसुली सन, समजून ५९० मिळवले तर नऊ-दहा वर्षांची चूक होते आणि कागद भलत्याच पेशव्याच्या कारकिर्दीत जाऊन बसू शकतो.

दिवाणखान्यात टांगलेल्या चित्रांपाशी सर्वांत जास्त अपेक्षा असते. 'रविवर्म्याचं मूळ चित्र आहे' असं ज्या घरांत सांगतात, तिथे बहुतेक वेळा ओलिओग्राफ निघतो, म्हणजे दगडी शिळांवरून रंगांमागून रंग चढवून छापलेलं चित्र. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याची चित्रं आपल्या भागात घरोघर पोचली. ओळखायला सोनाराचं दहापट भिंग पुरतं. गालावर, आकाशात, जिथे रंग हळूहळू बदलतो तिथे भिंग धरा. छापील चित्रात वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके सुटे दिसतात, हातच्या तैलचित्रात कुंचल्याचा ओघ आणि रंगाचा थर. नुसत्या बोटानं किंवा लांबून पाहून फसगत होते, कारण पुष्कळ प्रतींवर वॉर्निश आहे आणि कॅनव्हासचा पोत दाबून उठवलेला आहे. तळाची छापखान्याची ओळ बऱ्याचदा चौकटीच्या पट्टीखाली दडलेली असते. साडीवर जर आणि टिकल्या चिकटवल्या असतील तर तेही लिहा, कोणत्या भागावर आणि किती गळल्या यासकट. प्रत ओळखायला त्याच्याइतकी पक्की खूण नाही. मूळ तैलचित्र कसं दिसतं ते डोळ्यांत बसवायचं असेल तर औंधचं श्री भवानी संग्रहालय पाहावं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या त्या संग्रहात रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत.

ओलिओग्राफ निघाला म्हणून मालकाचा चेहरा पडतो. तसं वाटू देऊ नये. शंभरीपार, मूळ चौकटीतली, टिकल्यांसकट टिकलेली प्रत जपण्यासारखीच आहे. ती आहे त्या नावानं नोंदवली पाहिजे, एवढंच.

काचचित्रांना हात लावण्यापूर्वी थांबा. रंग काचेच्या मागच्या अंगाला असतो. मागचं लाकूड काढून 'धूळ पुसू' म्हणून ओलं फडकं फिरवलं की चित्र फडक्यावर येतं. चौकट उघडायची नाही, चित्र सरळ उभं ठेवायचं, समोरून फोटो घ्यायचा. काचेत स्वतःचं आणि खिडकीचं प्रतिबिंब येतं; त्यासाठी काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून त्यामागे कॅमेरा लावायचा आणि दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवायचे.

फोटोचं बाकीचं थोडक्यात. तिवई हवीच. आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११, आणि ५० मिमीच्या खालची लेन्स नको, जवळून रुंद लेन्सनं समईचा तळ फुगतो. मोबाइलनं काढणार असाल तर लांब उभं राहून दुप्पट झूम लावा. ट्यूबलाइट बंद करून एकाच जातीचा उजेड ठेवा, दोन उजेड मिसळले की पितळ आणि तांबं सारखंच दिसायला लागतं. प्रत्येक चौकटीत सेंटिमीटरची पट्टी, रंगतक्ता आणि नोंदक्रमांकाची चिठ्ठी. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, बुडाकडून. मग खुणांचे जवळचे फोटो. बूड कोणी काढत नाही, आणि ठोकलेलं वजन, डाग दिलेली फट, ओतकामाचा उरलेला खडबडीतपणा, सगळं तिथेच असतं. चकचकीत चांदीभोवती पांढऱ्या मलमलचा पडदा धरला की काळी प्रतिबिंबं जातात.

मापं सेंटिमीटरमध्ये, एका दशांशापर्यंत. टाक आणि दागिने मिलिमीटरमध्ये, आणि त्याला प्लास्टिकचं कॅलिपर, कारण लोखंडी जबडा मऊ चांदीवर ओरखडा उठवतो. वजन ग्रॅममध्ये. तोळ्यात सांगितलेलं वजन उजव्या रकान्यात. चित्राचं माप चौकटीसह आणि चौकटीशिवाय, वेगवेगळं.

स्थिती लिहिताना 'बरी', 'जुनाट', 'थोडी खराब' हे शब्द वर्ज्य. 'वरच्या डाव्या कोपऱ्यापासून १२ सेमी खाली, ३ सेमी लांब, आडवा तडा, जुना, आत धूळ साचलेली' असं लिहावं. काशा-पितळेवर फिकट हिरवी, नखानं भुकटी होणारी ठिपकी दिसली तर ती गर्द, गुळगुळीत हिरव्या थरापेक्षा वेगळी बाब आहे. क्लोराइडमुळे आतून धातू खाणारा तो रोग दमट हवेत वाढत जातो. अशी वस्तू बाकीच्यांपासून बाजूला, कोरड्या जागी ठेवून जाणकार संवर्धकाला दाखवायची. लाकडाच्या भोकांखाली पांढुरका ताजा भुसा असेल तर किडा आत जिवंत आहे, नुसती भोकं असतील तर बहुधा जुनी गोष्ट. कागदासाठी ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी उपयोगी: साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी घातलेलं रसायन निळंपांढरं चमकतं. 'पेशवाईतली' पोथी तशी चमकली तर तो कागद पेशवाईतला नाही.

तलवारीची एकूण लांबी सरळ रेषेत, मग पात्याची लांबी, मुठीजवळची रुंदी, परज (बोटं झाकणारी मुठीची पट्टी) आहे की तुटली आहे, म्यान याच तलवारीचं का. पातं विलायती आणि मूठ इथली असेल तर ती फिरंग. पात्यावरची रोमन अक्षरं तेलकट थराखाली लपलेली असतात, तीही आडव्या उजेडात शोधायची. पात्याला उघड्या हातानं शिवू नका, घामाचा ठसा महिन्याभरात गंज होऊन उठतो. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. तोड्याची (जळत्या वातीनं उडणारी) बंदूक असेल तर दुसरं काहीही करण्याआधी ती भरलेली तर नाही ना, हे पाहायचं: तोंड माणसांपासून दूर ठेवून लाकडी काठी नळीत सावकाश, जोर न लावता सोडा, खूण करा, बाहेर काढून नळीच्या बाहेरून कान्याच्या, म्हणजे बत्ती द्यायच्या, भोकापर्यंत धरून बघा. बरीच आखूड पडली तर आत बार असू शकतो. अशी बंदूक हलवू नये, पोलिसांना कळवावं. दोनशे वर्षांपूर्वीची दारूही पेट घेऊ शकते.

मिरजेच्या तंबोऱ्यांची नोंद करताना भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी-रुंदी, तबलीची जाडी दिसत असेल तिथे, घोडी, खुंट्या, तारगहन असं भागवार लिहावं, आणि कोणता भाग नंतर बदलला तेही. भोपळा आणि गळ्याच्या सांध्यावर पानांची नक्षी असते, त्यातली तुटकी पाकळी ही उत्तम ओळखखूण. खरी अडचण पांढऱ्या जडावाची. ते हस्तिदंत आहे की सेल्युलॉइड? तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. सेल्युलॉइड भडकन पेटतं, तंबोऱ्यासकट. त्यापेक्षा आडवा छेद दिसेल तिथे भिंगानं पाहा: हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषा असतात. हस्तिदंत असेल तर नोंदीत स्पष्ट लिहा. त्याची खरेदी-विक्री वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली बंद आहे आणि जवळ बाळगण्याच्याही अटी आहेत. मालकानं वनखात्याकडे आणि वकिलाकडे विचारणा करावी.

कायद्याची दुसरी बाजू पुरावस्तूंची. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांवरची कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरचं मोलाचं हस्तलिखित त्याच्या कक्षेत येतं. घरात ठेवायला मनाई नाही, पण शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते, आणि खासगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे 'आठवण म्हणून' मूर्ती पाठवायचा विचार बऱ्याच घरांत निघतो, तेव्हा हे आधीच सांगितलेलं बरं. रविवर्म्यांची मूळ चित्रं तर वयाचा प्रश्न न येता १९७९ पासून याच कायद्याखाली 'बहुमूल्य कलाकृती' ठरलेली आहेत. आपली खासगी नोंद ही सरकारी नोंदणी नव्हे, पण अर्जाला लागणारं जवळजवळ सगळं तिच्यात तयार असतं.

वस्तूवर क्रमांक टाकायचा तो निघेल असा. दगड-धातूवर बुडाकडे पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, तो वाळल्यावर त्यावर शाईनं आकडा, वर दुसरा थर. हवं तेव्हा ॲसिटोननं निघतो. रंगवलेल्या लाकडाला आणि सेल्युलॉइडला हे अजिबात नको, ॲसिटोन त्यांनाच विरघळवतं. पैठणी-शालूला सुती फीत चार टाके घालून, कागदाला मागे मऊ पेन्सिलीनं, देवांना काहीच नाही, फक्त डबीत चिठ्ठी. सेलोटेप, रबरबँड, नेलपॉलिश यांना बंदी.

किंमत या नोंदीत लिहू नये. नोंद करणारा आणि किंमत ठरवणारा वेगळा असावा, आणि नोंद करणाऱ्यानं ती वस्तू विकत घेऊ नये वा गिऱ्हाईकही आणू नये. विम्यासाठी मूल्यांकन लागतं तेव्हा त्याचा वेगळा कागद, तारखेसह.

प्रती तीन हव्यात. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेत, म्हणून इथे एक अट जास्त: कागदी प्रत, हार्ड डिस्क आणि तिसरी प्रत, यातली एक तरी कृष्णाकाठापासून दूर, दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे असावी. पूर ओसरल्यावर विमा कंपनी आधीच्या स्थितीचा पुरावा मागते, आणि तो वस्तूंच्याच कपाटात ठेवला असेल तर वस्तूंबरोबर भिजलेला असतो. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नयेत. बारकावे दाबले जातात आणि चित्र कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही. फायलीतली जागेची माहिती काढून टाकावी, नाहीतर मूर्तीच्या फोटोसोबत घराचा पत्ताही जातो. प्रत्येक पानावर मालकाची आणि नोंद करणाऱ्याची सही, तारीख. दर दिवाळीच्या साफसफाईला यादी घेऊन एकेक वस्तू जागेवर आहे का ते पाहावं. वाटणीत गेली, दुरुस्त केली, तडा वाढला, जे झालं असेल ते जुनी ओळ न खोडता तिच्याखाली नव्या तारखेनं लिहावं.